पवनचक्कीचं पिच अडकतं आणि मग खाडकन उघडतं: स्प्रिंग बदलण्याआधी हे तपासा

पिच म्हणजे पात्याचा वळवलेला कोन, तो वाढवून जोराच्या वाऱ्यात चक्कीचा वेग आवरतात. माझ्या घरगुती चक्कीत तो अडकायचा, तीन पावसाळे मी या एकाच दुखण्याच्या मागे होतो आणि तिन्ही वेळा स्प्रिंगच बदलत बसलो. घरी पवनचक्की बनवणाऱ्या ज्या दोन-चार जणांशी बोलणं झालं त्यांचंही दुखणं हेच निघालं आणि त्यांनीही स्प्रिंगाच बदलल्या होत्या, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षणं अशी. वारा वाढतो, चक्की वेग घेते, ज्या आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) पाती वळायला हवीत तो आकडा मागे पडतो तरी पाती ढिम्म हलत नाहीत. आवाज चढत जातो. मग एखादा जोराचा झोत येतो, खांब हादरतो आणि खाडकन तिन्ही पाती एकदम शेवटच्या स्टॉपपर्यंत वळतात. चक्की मंदावते, पण पाती परत येत नाहीत, म्हणजे वारा चांगला ८-९ मीटर प्रति सेकंद असताना ती नुसती रेंगाळत फिरते, करंट शून्य, आणि पार थांबायला आली की पुन्हा खाडकन जागेवर. की परत पहिल्यापासून तेच. आषाढात एका रात्रीत हे इतक्या वेळा झालं की सकाळी बघितलं तर स्टॉपचा १० मिमीचा बोल्ट वाकलेला.

माझी चक्की २.४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची. पाती शिवणीच्या लाकडाची, प्रत्येकी साधारण दीड किलो. जनरेटर घरीच गुंडाळलेला, १६ चुंबकांचा, ४८ व्होल्टच्या बॅटरीवर. जागा साताऱ्याच्या चाळकेवाडी पठाराच्या बाजूची, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आणि जून ते ऑगस्ट तिथे वारा कसा असतो ते पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्यांच्या रांगा बघितल्या की कुणालाही कळेल. पिच कंट्रोल पूर्ण मेकॅनिकल आहे, मोटर नाही, सेन्सर नाही. प्रत्येक पात्याच्या बुडाला दांडा, दांड्यावर वजन, चक्की जोरात फिरली की वजन बाहेर ओढलं जातं आणि पातं वळवतं, स्प्रिंग त्याला मागे धरून ठेवते. अमेरिकेत मोंटानाच्या रँचवर जेकब्ज बंधूंनी १९२० च्या दशकात फिरत्या वजनांवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, लावून चक्क्या बनवल्या होत्या, मूळ कल्पना तीच.

काही जण म्हणतील की एवढ्या छोट्या चक्कीला पिच कंट्रोल कशाला, शेपटी दुमडणारी करा. खरंय, स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांच्या पद्धतीची शेपटी दुमडून वाऱ्यापासून तोंड फिरवणारी चक्की बनवायला सोपी आहे आणि नवीन माणसाने तीच करावी असं माझंही मत आहे. पण आमच्या इथे कड्याच्या तोंडाला वारा सारखी दिशा बदलतो, शेपटी डोलत राहते, म्हणून मी पिचकडे वळलो.

वेग आवरायचा कशासाठी हेही थोडक्यात. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. २.४ मीटरच्या चक्कीला १० मीटर प्रति सेकंदाला पठारावरच्या हवेत साधारण ७०० वॉट मिळतात, म्हणजे २० ला हिशेबाने साडेपाच हजार, आणि माझ्या जनरेटरची तार एवढं सहन करूच शकत नाही. बॅटरी भरली आणि चार्ज कंट्रोलरने लोड तोडला तर चक्कीला आवरणारं काहीच उरत नाही, तेव्हा तर पिचवरच सगळा भार.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मला वाटलं स्प्रिंग कडक आहे, मऊ टाकली. फरक शून्य. दुसऱ्या वर्षी वजनं वाढवून ९०० ग्रॅमची केली. झटका आणखी जोरात बसायला लागला, पण उशिरा उघडायचं काही थांबलं नाही. तिसऱ्या वर्षी परत स्प्रिंग. आणि दर वेळी चक्की खाली उतरवून पाती हाताने वळवून बघायचो तर लोण्यासारखी वळायची, त्यामुळे बुशवर (पातं ज्यात वळतं त्या धातूच्या नळकांड्यावर) आणि तिथल्या घर्षणावर माझा संशयच गेला नाही.

चूक तिथेच होती. खाली जमिनीवर पात्यावर काही ताण नसतो. वर ४५० आरपीएमला फिरताना दीड किलोचं पातं बाहेरच्या बाजूला किती जोराने ओढतं माहितीये? पात्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून ४५ सेंमीवर धरला तर साधारण १५० किलो. ६०० आरपीएमला २७० किलो. आणि हा सगळा ओढा माझ्याकडे पात्याच्या शाफ्टच्या (ज्याच्याभोवती पातं वळतं त्या लोखंडी दांडीच्या) आतल्या टोकाच्या नटखाली जो गनमेटलचा वॉशर होता त्याच्यावर घासत होता. घर्षण गुणांक ०.१५ धरला आणि वॉशरची सरासरी त्रिज्या १५ मिमी, तर ४५० ला पातं वळवायला निव्वळ घर्षणापोटी ३.४ न्यूटन मीटर लागतात.

हे आकडे डोक्यात बसायला अवघड जातात म्हणून मी सगळं १२ सेंमीच्या दांड्यावर किती किलो ओढ लागते त्यात मोजतो, कारण माझ्या वजनाचा दांडा तेवढा आहे आणि ताणकाटा लावून प्रत्यक्ष बघता येतं. ३.४ न्यूटन मीटर म्हणजे २.९ किलो.

खात्री करायला सिमेंटच्या गोण्यांची युक्ती केली, ही तुम्ही जरूर करा. हब (मधला भाग, ज्यात तिन्ही पाती बसतात) व्हाइसमध्ये असा धरायचा की पात्याचा शाफ्ट खाली बघेल. पातं काढून बुडाच्या प्लेटला हूक लावायचा आणि लांब दोराने तीन गोण्या टांगायच्या, म्हणजे बरोबर १५० किलो. दोर लांबच हवा, आखूड असेल तर त्याचा पीळ काट्यात मोजला जातो. गोण्या जमिनीपासून चार बोटं वर ठेवायच्या, जास्त नाही, आणि खाली पाय घालायचा नाही. मग वजनाच्या दांड्याला ताणकाटा अडकवून हळू ओढायचं. माझा काटा तीन किलोला गेला तेव्हा कुठे शाफ्ट हलला, आणि हलला तो सरकन नाही, टक्कन सुटून. लेथवाले काका शेजारी उभे होते, म्हणाले, "अहो, गोण्या काढून बघा बरं." काढल्या, काटा शंभर ग्रॅमवर. तीन वर्षं जे शोधत होतो ते अर्ध्या तासात समोर आलं.

आता याच्याशी वजनांची ताकद ताडून बघा. माझं ९०० ग्रॅमचं वजन, १२ सेंमी दांडा, ४५० आरपीएम, आणि दांडा ज्या कोनात मी बसवला होता (त्याच्यावर पुढे येतो) त्या कोनात ओढ फक्त १.७ किलो. म्हणजे घर्षण २.९ आणि ढकलणारं १.७. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की वजनाची ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते आणि घर्षणसुद्धा आरपीएमच्या वर्गानेच वाढतं, कारण तेही त्याच बाहेरच्या ओढ्यावर अवलंबून आहे. मग चक्की कितीही जोरात फिरू दे, वजन जिंकूच शकत नाही! स्प्रिंग काढून टाकली असती तरी पाती वळली नसती. ती वळायची ती फक्त झोताने खांब हादरला की, कारण हादऱ्याने घर्षण क्षणभर सुटतं. स्प्रिंग बदलून का उपयोग होत नव्हता ते इथे कळलं.

उपाय म्हणजे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा ओढा गोळ्यांवर घेणारी बेअरिंग. माझा शाफ्ट २५ मिमीचा आहे, त्याला ५११०५ नंबरची बसते, आतून २५, बाहेरून ४२, जाडी ११ मिमी. ती नट आणि हबच्या नळीच्या खांद्यामध्ये येते, म्हणजे पातं बाहेर ओढलं की बेअरिंग दाबली जाते. बाजूचा भार घ्यायला ६२०५ नंबरच्या दोन साध्या बॉल बेअरिंगा. या दोघींमधलं अंतर जेवढं जास्त तेवढं चांगलं, माझ्या जुन्या हबमध्ये बुश ६० मिमीवर होते, नवीनमध्ये बेअरिंगा १४० मिमीवर आहेत, कारण वारा पात्याला मागे वाकवतो तो सगळा पीळ या दोन टेकूंवर येतो आणि ते जवळ असले तर तिथेही घर्षण वाढतं. साध्या ६२०५ वरच बाहेरचा ओढा घेऊ नका. काही दिवस चालेल पण ती शाफ्टवर बाजूने येणाऱ्या भारासाठी बनवलेली आहे, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सतत येणाऱ्या ओढ्यासाठी नाही.

नवीन जोडणी पुन्हा तीन गोण्यांखाली मोजली, काटा २०० ग्रॅमच्या आत, आणि त्यातही बराचसा भाग ऑइल सीलचा.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. तो आतला नट म्हणजे पातं आणि जमीन यांच्यामधली एकमेव गोष्ट आहे. कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून आरपार जाणारी स्प्लिट पिन, दुसरं काही नको, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट) वगैरेवर भरवसा ठेवू नका. शाफ्टवर जिथे जाडी बदलते तिथे लेथवाल्याला गोलाई ठेवायला सांगा, काटकोनात कापलं तर तिथूनच चीर जाते. आणि आटे पाडलेल्या जागेला वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावू देऊ नका.

बेअरिंग टाकली, चक्की वर चढवली, आणि उशिरा उघडायचं थांबलं. पण झटका तसाच! ४५० ला उघडायला लागली की थेट शेवटपर्यंत जायची. म्हणजे दुखणं एक नव्हतं, दोन होती, एकाच्या आड दुसरं लपलेलं.

दुसरं दुखणं वजनाच्या दांड्याच्या कोनाचं. मी दांडा पात्याच्या रुंदीला बरोबर काटकोनात बसवला होता, कारण विमानाच्या प्रोपेलरला वजनं साधारण तशी असतात असं वाचलं होतं. पातं नेहमीच्या स्थितीत फिरण्याच्या पातळीपासून ४ अंशांवर असतं, म्हणजे दांडा ८६ अंशांवर. आता वजन पातं किती जोराने वळवणार ते त्या कोनाच्या दुपटीच्या साइनवर ठरतं. ८६ ची दुप्पट १७२, त्याचा साइन ०.१४. पातं २४ अंशांपर्यंत वळलं की दांडा ६६ वर येतो, दुप्पट १३२, साइन ०.७४. बघा काय झालं ते, आरपीएम तेवढंच असताना नुसतं पातं वळल्यामुळे ओढ पाचपट वाढली. जरा सरकलं की आणखी जोर, आणखी सरकलं की आणखी जोर. कुठलीच साधी स्प्रिंग याला धरू शकत नाही. आणि परत येताना उलटं, उघड्या स्थितीत वजनाचा जोर इतका की वेग पार पडल्याशिवाय स्प्रिंग त्याला मागे आणूच शकत नाही. लक्षणांचा दुसरा अर्धा भाग हाच.

दांडा आता ६० अंशांवरून सुरू होतो. १२० चा साइन ०.८७. पातं २० अंश वळून दांडा ४० वर आला की ८० चा साइन ०.९८. जवळजवळ सपाट. शिवाय सुरुवातीलाच जोर इतका मिळतो की ९०० ग्रॅमच्या जागी ४०० ग्रॅमचं वजन पुरलं, ४५० आरपीएमला १२ सेंमीवर साडेचार किलोच्या पुढे ओढ.

कोणत्या बाजूला कलवायचं याची गल्लत करू नका. समोरून वारा येणारी, पाती पुढची धार वाऱ्याकडे वळवून जोर कमी करणारी चक्की असेल तर वजन वाऱ्याच्या बाजूला, आणि फिरण्याच्या दिशेच्या उलट, म्हणजे पात्याच्या मागच्या धारेकडे कललेलं हवं. पुढच्या धारेकडे कलवलं तर तेच वजन पातं उलट दिशेला ओढतं. लाकडाचं किंवा पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करून हाताने वजन फिरण्याच्या पातळीकडे ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पातं स्वतःसुद्धा एक वजनच असतं हे लक्षात ठेवा. फिरताना ते कायम फिरण्याच्या पातळीत सपाट व्हायला बघतं, म्हणजे आपल्या वजनांच्या विरोधात. सुरुवातीला हा विरोध नगण्य, पण २४ अंशांवर ६०० आरपीएमला माझ्या पात्याचा दोन न्यूटन मीटरच्या आसपास येतो. हा वजा केल्याशिवाय स्प्रिंगचा हिशेब बरोबर येत नाही.

आता स्प्रिंग. इथे येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. मला हवं होतं की पाती ४५० ला वळायला सुरुवात करावीत आणि ६०० ला पूर्ण २० अंश वळावीत. ६०० आणि ४५० च्या वर्गांचं गुणोत्तर १.७८. कोनामुळे थोडी वाढ, पात्याच्या विरोधामुळे थोडी घट, सगळं मिळून शेवटी स्प्रिंगचा जोर सुरुवातीच्या १.७ पट यायला हवा. म्हणजे सुरुवातीला ५.३ न्यूटन मीटर आणि शेवटी ९.२ च्या आसपास. जर खूप मऊ आणि आधीच खूप ताणलेली स्प्रिंग टाकली आणि हे गुणोत्तर १.१५ वर आलं, तर सगळा खेळ ४५० ते ४८० मध्येच उरकतो. कागदावर छान दिसतं की चक्की एकाच वेगाने फिरणार, पण प्रत्यक्षात ती वरखाली वरखाली हुंदडत राहते, पाती कधी स्थिर होत नाहीत. थोडा पसारा ठेवा, दीडशे आरपीएमचा फरक जनरेटरला काही त्रास देत नाही.

आरपीएम मोजायला वर चढायची गरज नाही. जनरेटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन फेजांवर हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर लावा, रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) आधी. १६ चुंबक म्हणजे आठ जोड्या, तेव्हा ६० हर्ट्झ म्हणजे ४५० आरपीएम, ८० हर्ट्झ म्हणजे ६००. मी हे खाली खोलीत बसून बघतो आणि आकडा ६० वर गेला की खिडकीतून आवाज ऐकतो.

तिन्ही पाती एकमेकांना जोडलेली असलीच पाहिजेत. तीन स्वतंत्र स्प्रिंगा ठेवल्या तर एक पातं आधी वळतं, बाकीची मागे, आणि चक्की थरथरते. शिवाय प्रत्येक फेरीत वजन कधी वर कधी खाली येतं, गुरुत्वाकर्षण त्याला एकदा एकीकडे आणि एकदा दुसरीकडे ओढतं. मधल्या सरकत्या चकतीला तिन्ही पात्यांचे दांडे बॉल जॉइंटने जोडले की हे ओढे एकमेकांत जिरतात. चकतीकडचा दांडा ५ सेंमीचा असेल तर जॉइंटमधला १ मिमीचा ढिलेपणा म्हणजे पिचमध्ये १ अंशाहून जास्त फरक, तेव्हा स्वस्तातले खडखडणारे जॉइंट घेऊ नका.

एक वेगळं लक्षण आहे त्याची यात सरमिसळ होते. जर वेग वाढल्यावर पातं फडफडतं, म्हणजे खाडकन एकदा नाही तर घर्रर्र असा सलग आवाज येतो, तर ते फ्लटर आहे आणि त्याला स्प्रिंग-बेअरिंगचा उपाय नाही. पिचचा शाफ्ट पात्याच्या रुंदीच्या पुढच्या पाव भागावर असतो आणि लाकडी पात्याचा गुरुत्वमध्य त्याच्या मागे, साधारण चाळीस टक्क्यांवर. पातं शाफ्टसकट दोन टेकूंवर आडवं मोकळं ठेवा, मागची धार खाली पडली तर हा धोका तुमच्याकडे आहे. उपाय म्हणजे टोकाकडच्या अर्ध्या भागात पुढच्या धारेत शिशाची किंवा पितळेची कांडी, धार खाली पडणार नाही इतकी. पण विचार करून, कारण टोकाजवळचं १०० ग्रॅम शिसं ६०० आरपीएमला ४० किलोच्या वर ओढतं. लांबीत भोक पाडून आत बसवायची आणि वरून ग्लास फायबर गुंडाळायचं, नुसती चिकटवायची नाही. तिन्ही पात्यांत तेवढंच वजन, तेवढ्याच अंतरावर.

पिच गव्हर्नर हा ब्रेक नाही. २४ अंशांवर चक्की मंद होते, थांबत नाही. वादळ येणार असेल तर वारा कमी असतानाच जनरेटरच्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडून, म्हणजे शॉर्ट करून, थांबवा, भर वेगात शॉर्ट केलं तर कॉइल जळते आणि मग तर काहीच हातात राहत नाही. बॅटरी भरल्यावर चक्की मोकळी सोडणारा कंट्रोलर काढून डंप लोड लावा, म्हणजे जास्तीची वीज जिरवणारा हीटरसारखा लोड. डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी १९५७ साली गेसरला २०० किलोवॉटची चक्की उभी केली, तिची पाती वळतच नव्हती, वारा वाढला की स्टॉल व्हायची (पात्यावरून हवा सुटून जोर आपोआप कमी व्हायचा), तरीही त्यांनी पात्यांच्या टोकांना वेगळे ब्रेक दिले होते. वेग आवरायचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत.

पहिल्यांदा चालवताना पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं आणि जनावरं तर अजिबात नाही. आमच्या आईने त्या दिवशी म्हशी खालच्या वावरात नेऊन बांधल्या होत्या, मला वाटलं जास्तच होतंय, आता वाटतं बरोबर केलं.

बदल केल्यावर एक पूर्ण पावसाळा झाला. सगळ्यात जोराच्या रात्री मीटर ७६ हर्ट्झपर्यंत गेला आणि परत सावकाश खाली आला, स्टॉपवर आपटल्याचा एकही आवाज नाही. राहिलेलं दुखणं पाण्याचं आहे. पठारावर ढग दिवसेंदिवस जमिनीला टेकलेले असतात, ५११०५ ला स्वतःचं सील नसतं, आणि ती पूर्ण फिरत नाही, नुसती वीस अंश मागेपुढे होते, त्यामुळे गोळ्या एकाच जागी घासून वाटीवर (गोळ्या ज्या कड्यावर फिरतात त्यावर) खळगे पाडतात. हब भरून एपी३ ग्रीस आणि बाहेर रबरी बूट एवढं केलंय, खाली पाणी निघायला ४ मिमीचं भोक ठेवलंय. दसऱ्याला चक्की उतरवली तेव्हा तीनपैकी एका वाटीवर फिकट ठसे दिसले, ती बदलली आणि बाकीच्या दोन थोड्या फिरवून परत बसवल्या, म्हणजे गोळ्या नव्या जागी येतील. पुढच्या जूनच्या आधी परत उघडून तिन्ही बघणार आहे, गोण्यांचा काटा पुन्हा लावून.